पिशवी काढली, मग दुखणं का राहिलं?

बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या घाटाखाली एका वस्तीवर गेल्या जूनमध्ये एका ऊसतोड बाईनं माझ्यापुढे कॅरीबॅग उलटी केली. आत सोनोग्राफीचा रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, रक्त तपासल्याचे कागद आणि चार घड्या पडलेलं एक डिस्चार्ज कार्ड होतं. तिचं वय एकतीस. सव्विसाव्या वर्षी पिशवी काढलेली. म्हणाली, "ताई, तवा डॉक्टर म्हनले व्हते, सगळं दुखणं जाईल. कंबर तशीच हाय. अंगाची आग व्हती, रातच्याला झोप न्हाई. एवढं वाचून सांगा, नुसती पिशवीच काढली का आनखी काय काढलं?"

उत्तर कार्डावर दोन ओळींत, इंग्रजीत लिहिलेलं होतं. ते तिला नीट कळावं म्हणून मला मुळापासून सांगत यावं लागलं आणि त्यात तासभर गेला. मी डॉक्टर नाही. आशाताईंच्या प्रशिक्षणाच्या कामामुळे या गावांत माझं येणं-जाणं असतं, इतकंच. बोलता बोलता शेजारच्या तीन बायका येऊन टेकल्या. त्यांतल्या दोघींचीही पिशवी काढलेली निघाली. त्या तासात जे बोललो तेच इथं जरा सविस्तर लिहिते आहे.

बातमी जुनी आहे, पण ती संपत नाही. जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे दर सहा जणींमागे एकीची, शंभरात साधारण सतरा जणींची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशभरात हेच प्रमाण शंभरात साधारण तीन आहे. दोन पाहण्यांची पद्धत आणि वयोगट वेगळे असल्यामुळे हे आकडे काट्यावर ठेवून तोलता येणार नाहीत. पण तीन कुठे आणि सतरा कुठे! एवढी तफावत नुसत्या मोजणीच्या फरकानं पडत नाही.

## आधी पिशवी म्हणजे काय ते

आपल्याकडे 'पिशवी' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. पहिली म्हणजे गर्भाशय. मूल वाढतं ते तिथं, आणि दर महिन्याला पाळी येते तीही तिथूनच. दुसरी म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी असलेली दोन अंडाशयं. ती बीज तर तयार करतातच, शिवाय रक्तात एक रस सोडतात. त्याला इस्ट्रोजेन म्हणतात, ते एक हार्मोन आहे. हा रस हाडं भक्कम ठेवतो, झोप नीट लावतो, अंगाचं तापमान सांभाळतो, हृदयाच्या रक्तवाहिन्या जपतो आणि मनालाही स्थिर ठेवायला हातभार लावतो.

गावातल्या विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, डोळ्यांपुढे आणा. गर्भाशय म्हणजे एका घराचं कनेक्शन. ते तोडलं तर तेवढं घर अंधारात जातं. अंडाशय म्हणजे डीपीच. ती उचलून नेली तर गिरणी बंद, पिठाची चक्की बंद, रस्त्यावरचा दिवा बंद, पाण्याची मोटर बंद. आणि कनेक्शन तोडताना डीपीला हात लावला नाही, तरी वायर एकमेकींत गुंतलेल्या असतात. गर्भाशय आणि अंडाशय यांचा रक्तपुरवठा काही अंशी सामायिक असतो, म्हणून नुसतं गर्भाशय काढलेल्या बाईची अंडाशयंही कधी कधी चार-दोन वर्षं आधी थकतात.

आपल्याकडे बाईची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला जाते. जाताना हळूहळू जाते, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. सव्विसाव्या वर्षी दोन्ही अंडाशयं काढली तर तेच सगळं एका रात्रीत होतं आणि पुढची वीस वर्षं ती बाई त्या रसाविना काढते. तळपायाची आग, रात्री घामानं भिजून जाग येणं, संबंधाच्या वेळी कोरडेपणामुळे होणारा त्रास, चिडचिड, उगाच रडू येणं, चाळिशीतच ठिसूळ झालेली हाडं. गावात याला 'उष्णता झाली' म्हणतात आणि सब्जाचं पाणी पाजतात.

## "लेकरं झाली, आता पिशवी काय कामाची?"

हे वाक्य मी बायकांच्या तोंडून ऐकलं आहे, सासवांच्या ऐकलं आहे, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या शिकलेल्या माणसांच्याही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत परभणीत २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ४८ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, बीडमध्ये जवळपास ४४ जणींचं. सतराव्या वर्षी लग्न, बाविशीपर्यंत दोन-तीन बाळंतपणं, लगेच नसबंदी. पंचविशीत घरादाराच्या लेखी तिच्या गर्भाशयाचं काम संपलेलं असतं. ज्या वस्तूचं काम संपलं ती दुखायला लागली तर काढून टाकावी, असा सरळ हिशेब मांडला जातो.

पण गर्भाशय हे ओटीपोटातल्या मांडणीचा एक खांबही आहे. मूत्राशय, आतडं, योनिमार्ग हे सगळं स्नायूंच्या आणि दोऱ्यांसारख्या बंधांच्या आधारानं जागच्या जागी राहतं, आणि शस्त्रक्रियेत त्यांतले काही बंध कापावे लागतात. म्हणूनच पुढचे सहा ते आठ आठवडे जड उचलू नका असं डॉक्टर सांगतात. ज्या बाईला महिन्याभरात ऊसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं आहे, तिच्यासाठी हा सल्ला कागदावरच राहतो. मग खोकताना लघवी सुटते, अंग बाहेर येतं, आणि ते सांगायला जागा नसते.

## कोयता म्हणजे दोन माणसं

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं थांबून सांगते. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. दसरा-दिवाळीच्या आधी मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, एका कोयत्याला मोठी रक्कम आगाऊ देतो, ती 'उचल'. पैसे बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात पडतात आणि फेडायचे असतात दोघांच्या अंगमेहनतीनं. मग टोळी कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर कर्नाटकात जाते. माळावर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने तेच घर. राज्यात असे दहा लाखांच्या आसपास मजूर असल्याचं सांगितलं जातं, आणि त्यांतला मोठा वाटा बीडचा. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात पाऊस कमी आणि जमीन हलकी. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट जी रुळली ती रुळलीच.

एका दिवसाचा खाडा झाला तर पैसे उचलीतून वजा होतात. ताप, पाळी, गर्भपात, लेकराचं आजारपण, कारण कुठलंही असो, खाडा तो खाडाच.

आता त्या कोपीतली पाळी बघा. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात, म्हणजे ऊसाच्या रानात, पोचायचं. आडोसा म्हणजे उभा ऊस, आणि तो तर आपणच कापत पुढे जातो. दुपारनंतर आडोसाही उरत नाही. म्हणून बायका दिवसभर पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात. घडी घातलेलं कापड सकाळी लावलेलं ते रात्रीच बदललं जातं. धुवायला पाटाचं किंवा टँकरचं मोजकं पाणी. वाळत घालायचं तर ओढणीखाली झाकून, म्हणजे ऊन लागतच नाही. ओलसर कापड, घाम, पाचटाची म्हणजे ऊसाच्या वाळल्या पानांची धूळ, दाबून धरलेली लघवी. जंतुसंसर्गाला आणखी काय हवं?

रात्री दोनला ट्रॅक्टर आला तर उठून भरणी करायची. कंबर त्यानं दुखते. ओटीपोट जड होतं तेही बहुतेक त्यानंच आणि संसर्गानं. दुखणं कामातून आलं आणि काढली मात्र पिशवी. कार्ड दाखवणाऱ्या बाईला मी एवढंच विचारलं, "ऑपरेशननंतर मोळीचं वजन कमी झालं का?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग शेजारीण म्हणाली, "कसं व्हईल माय."

## अंगावरून पांढरं जातं, ते नेमकं काय?

थोडा पांढरट, पातळ स्राव ही निरोगी शरीराची रीत आहे. डोळ्यांना ओल असते तशीच ती ओल. खाज, दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग, दह्यासारख्या गुठळ्या किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर तो संसर्ग असण्याची शक्यता मोठी. आणि यांतले बहुतेक संसर्ग काही दिवसांच्या गोळ्यांनी बरे होतात. सरकारी व्यवस्थेत त्यासाठी रंगांवरून ओळखायची औषधांची पाकिटं आहेत. योनिमार्गाच्या संसर्गाला हिरवं, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. नवऱ्यानंही औषध घ्यावं लागतं का हे विचारायलाच हवं, नाहीतर बाई बरी होते आणि पुन्हा आजारी पडते.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात आठच होत्या. मराठवाड्यातल्या फडावरची बाई त्याहून वेगळ्या स्थितीत आहे असं मानायला मला काही आधार दिसत नाही. तक्रार खरी असते. सोपा उपचार हाताशी नसतो, म्हणून एकदम शेवटचा उपचार केला जातो.

## "पण डॉक्टर म्हणाले, काढली नाही तर कॅन्सर होईल"

सगळ्यात जास्त बायका या एका वाक्यानं ऑपरेशन टेबलावर गेल्या आहेत. घाबरण्यात त्यांची चूक नाही. आपल्याकडे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं खरोखर बायका जातात.

गर्भाशयाचं तोंड योनीत उघडतं, त्याला गर्भाशयमुख म्हणतात. त्याचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू खूप जणींना लागतो आणि बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघून जातो. थोड्या जणींत तो ठाण मांडतो, आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. म्हणजे शोधायला आणि थांबवायला भरपूर वेळ असतो. व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून बघण्याची तपासणी दोन-चार मिनिटांत होते, खराब जागा पांढरी दिसते आणि तेवढीच जागा जाळून किंवा गोठवून काढता येते. पांढरं जाण्याचा, किंवा 'पिशवीच्या तोंडाला सूज' या शब्दांचा अर्थ कॅन्सर असा होत नाही. तरुण बायकांमध्ये गर्भाशयमुख लालसर दिसणं तर पुष्कळदा अगदी साधी गोष्ट असते.

हे जगाला ठामपणे कळलं त्यात आपल्या मराठवाड्याचा वाटा आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयानं त्यात काम केलं. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं, म्हणजे तो विषाणू शोधण्याच्या चाचणीनं, आणि सापडलेल्या बिघाडावरच्या साध्या उपचारानं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असं २००९ मध्ये दिसून आलं. जग ज्या पुराव्याचा दाखला देतं तो भूम-परंड्याच्या बाजूच्या बायकांनी दिला, आणि शेजारच्या बीडमध्ये कॅन्सरच्या भीतीनं पंचविशीतल्या पोरींची गर्भाशयं निघाली. मला हे लिहिताना आजही त्रास होतो.

## मग सगळी ऑपरेशनं चुकीचीच का?

मुळीच नाही. कॅन्सर झालेला असेल, मोठ्या गाठींमुळे रक्तस्राव थांबतच नसेल, अंग पूर्ण बाहेर येत असेल, बाळंतपणात रक्त थांबेना, अशा वेळी हीच शस्त्रक्रिया जीव वाचवते. वर्षानुवर्षं रक्त जाऊन पांढरी फटक पडलेली बाई त्यानंतर खरोखर उभी राहते. अशा बायका मी पाहिल्या आहेत आणि त्या डॉक्टरांचे उपकार मानतात ते योग्यच आहे.

प्रश्न क्रमाचा आहे. रक्तस्राव जास्त असेल तर आधी गोळ्या, हिमोग्लोबिन वाढवणं, हार्मोन सोडणारं गर्भाशयात बसवायचं साधन. गाठी लहान असतील आणि त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं, कारण पाळी गेल्यावर त्या आपोआप आकसतात. हे सगळं करून भागलं नाही तर शस्त्रक्रिया. यासाठी एकाच डॉक्टरकडे दोन-तीन वेळा जावं लागतं, आणि टोळीबरोबर फिरणाऱ्या बाईला नेमकं तेच जमत नाही. ती येते पट्टा पडल्यावर किंवा जायच्या आधी, हातात चार दिवस घेऊन.

"बायका स्वतःच म्हणतात, डॉक्टर, काढूनच टाका," असं काही डॉक्टर सांगतात. ते खरं आहे. पण कुठल्या पर्यायांमधून ती हे निवडते आहे? दर महिन्याचे तीन-चार दिवस, गुणिले सहा महिने, एवढ्या खाड्यांची धास्ती एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एकदाचं ऑपरेशन. त्याचे पैसेही कित्येकदा मुकादमाकडूनच उचल म्हणून घेतले जातात, म्हणजे पुढचा हंगाम बांधला गेलाच. तिच्या जागी बसून हिशेब केला तर तो चुकत नाही. फक्त त्या हिशेबात अंडाशय, हाडं, झोप आणि मन यांचं खातं तिला कुणी दाखवलेलंच नसतं.

## मनाचं दुखणं कुठं बसतं?

हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो.

आपली भाषा हे जाणते. काळजीनं पोटात गोळा येतो, भीतीनं हातपाय गळतात, दुःखानं छाती भरून येते. 'मला नैराश्य आलंय' असं फडावरची बाई म्हणत नाही. ती म्हणते, डोकं जड पडतं, जीव लागत नाही, अंगात ताकद न्हाई, आणि अंगावरून जातंय. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या प्रत्येकीतच संसर्ग सापडला असं नव्हतं. त्या तक्रारीचा मनावरच्या ताणाशी, नैराश्याशी आणि चिंतेशी घट्ट संबंध मात्र दिसला. म्हणजे ती तक्रार खोटी होती असं अजिबात नाही. ज्या घरात मनाबद्दल बोलायची सोय नाही तिथं शरीर बोलतं, आणि बाईच्या शरीरात जिथं बोललेलं दवाखान्यात ऐकून घेतलं जातं तिथूनच बोलतं.

अशा बाईची पिशवी काढली तर काय होईल? ताण होता तिथंच राहील. वर अंडाशयं गेली असतील तर झोप जाईल, चिडचिड वाढेल.

आणि ताण थोडा थोडका आहे का? सातवीतली मुलगी आजीजवळ ठेवून आलेली असते आणि तिची काळजी रात्रभर झोपू देत नाही. त्याच काळजीपोटी तिचं लग्न लवकर उरकलं जातं. तान्हं पोर फडाच्या बांधावर, पाचटावर झोपवलेलं असतं, तिथंच ट्रॅक्टर मागे-पुढे होतो. कोपीला दार नसतं. अंधारात लघवीला जायचं तर एकटीनं जायचं नाही, हा नियम प्रत्येक टोळीत बायकांनी बायकांसाठी केलेला आहे, आणि तो का केला हे कुणी मोठ्यानं सांगत नाही. ऑपरेशननंतर नवऱ्यानं जवळ येणं सोडलं, किंवा त्रास होत असूनही सोडलं नाही, या दोन्ही तक्रारी मी त्याच ओसरीवर, एकाच दुपारी ऐकल्या. एक म्हणाली, "आतून पोकळ झाल्यागत वाटतं. ढोलकं."

दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर बोलण्याचे आणि औषधांचे दोन्ही उपचार आहेत. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. फडावरून केला तरी लागतो, हे महत्त्वाचं.

## "ह्या काही निर्वासित नाहीत, आपणहून जातात"

ऊसतोड बाईची तुलना निर्वासित स्त्रीशी केली की ही हरकत येते. कायद्याच्या भाषेत ती बरोबर आहे. छळाच्या भीतीनं देशाची सीमा ओलांडते ती निर्वासित, अशी १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या आहे. आपली बाई राज्याच्या किंवा फार तर कर्नाटकाच्या हद्दीत असते, आणि दसरा-दिवाळीनंतर जाऊन उन्हाळ्यात परत येते. युद्धातून पळालेल्या बाईनं जे सोसलं ते वेगळंच, त्याची बरोबरी मी करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागांत दर पाच माणसांमागे एकाला मानसिक आजार असतो.

तरीही तुलना करते, कारण निर्वासितांच्या छावणीसाठी जगानं निदान एक यादी केली आहे. मदतकार्यातल्या संस्था जी मानकं पाळायची म्हणतात त्यांत माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास, आतून कडी लागणारं दार, पाळीचं साहित्य आणि ते धुवायची-टाकायची सोय आहे. संकटाच्या पहिल्या दिवसांपासूनच द्यायच्या प्रजनन आरोग्य सेवांची वेगळी यादी आहे. लैंगिक हिंसेपासून संरक्षण आणि उपचार, गर्भनिरोधकं, सुरक्षित बाळंतपण. गरोदर बाईच्या हातात साबण, स्वच्छ कापड, नवं ब्लेड, नाळ बांधायचा दोरा असलेलं पाकीट द्यायचं, हेही त्यात आहे. प्रत्येक छावणीत हे मिळतंच असं नाही. पण नाही मिळालं तर 'हे तुम्ही दिलं नाही' असं म्हणायला कागद आहे.

कोपीच्या तळासाठी कुणाकडे बोट दाखवायचं? कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो मी नुसता मधला. गावची आशाताई गावात आणि तळाच्या आशाताईच्या यादीत ही नावंच नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे: साखरेच्या पोत्यावर कारखान्याचं नाव छापलेलं असतं, तर त्या ऊसाच्या फडावरच्या संडासावरही त्याच कारखान्याची जबाबदारी असली पाहिजे. माणशी १५ लिटर पाणी आणि कडी लागणारं दार, इथून सुरुवात करा. निम्मे संसर्ग तिथंच कमी होतील असं मला वाटतं.

## काही बदललं का?

बदललं आहे. २०१९ नंतर बीडमध्ये ठरवून करायच्या अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची पद्धत आली. २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि देश, राज्य, जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर देखरेख समित्या नेमायला सांगितलं. सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं आहे. जाण्याआधी आणि आल्यावर आरोग्य तपासणीही होते.

परवानगीच्या नियमानं बीडमध्ये हात आखडला असेल, पण बीडच्या बाईला शेजारच्या जिल्ह्यात जायला एसटीचं तिकीट पुरतं. आणि तपासणी जायच्या आधी व आल्यावर होते, आजारपण मात्र मधल्या सहा महिन्यांत होतं. ती मधली जागा रिकामीच आहे.

## ज्यांना आता निर्णय घ्यायचाय, आणि ज्यांची काढून झालीय

कुणी पिशवी काढायला सांगितली तर उठून घरी या. रक्त वाहत नसेल तर बहुतेक वेळा एका आठवड्यानं काही बिघडत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. बीड-लातूरकडच्यांना अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. विचारा: आजाराचं नाव काय, गोळ्यांनी होणार नाही का, कॅन्सरची तपासणी केली का, आणि अंडाशयं ठेवणार की काढणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सही करण्याआधी त्याचं उत्तर कागदावर घ्या.

काढून झाली असेल तर दोन्ही अंडाशयं गेली का हे शोधा. चाळिशीच्या आत गेली असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना हार्मोनच्या उपचाराबद्दल विचारा. सगळ्यांना तो चालत नाही, पण पुष्कळ जणींना चालतो आणि त्यांना तो कुणी सांगितलेलाच नसतो. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांची तपासणी यांबद्दलही विचारा. घामाला, निद्रानाशाला, कोरडेपणाला उपचार आहेत. हे भोग नाहीत.

त्या दिवशी ओसरीवर हे सगळं बोलून झाल्यावर मी कार्ड पुन्हा उलगडलं आणि तिला त्या दोन ओळी मराठीत वाचून दाखवल्या. गर्भाशय आणि दोन्ही बाजूंची अंडाशयं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "म्हंजी आग त्याचीच."

"त्याचीच."

उचल घेऊन झाली होती, दसऱ्यानंतर जायचंच होतं. तिनं कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि सांगितलं, तिकडं कुठल्या डॉक्टरला दाखवायची येळ आली तर मला सांगता आलं पाहिजे, मागं लिहून द्या. मी कार्डाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात तारीख आणि तिचं वय घातलं आणि लिहिलं: 'पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली आहेत. वय तेव्हा २६. हाडं तपासा. झोप येत नाही, विचारा.' तिनं ते बोट ठेवून दोनदा वाचलं, तिसरीपर्यंत शाळा झालेली होती. मग 'विचारा' या शब्दाखाली मला रेघ ओढायला लावली.